तेरवीचे खासदार

माझे वडील पाच वर्षं खासदार होते. त्या पाच वर्षांत ते जेवढे दिवस संसदेत बसले, त्याच्या कितीतरी जास्त दिवस लोकांच्या तेरवीच्या पंगतीत बसले. हे मी काही गुपित फोडत नाहीये, सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं, आणि जिल्ह्याची त्याबद्दल एका शब्दाची तक्रार नव्हती. उलट हेच त्यांचं खरं काम असं लोक मानत. दिल्लीत कोण काय करतं ते इथून कोणाला दिसायचं? पण घरचं माणूस गेलं आणि तेराव्या दिवशी मांडवात खासदार येऊन मांडी घालून बसला, दोन वडे, कोहळ्याची भाजी आणि कढी-भात जेवला, निघताना म्हाताऱ्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून "माय, आता हिंमत धरा" म्हणाला, की त्या घराची सगळी मतं पक्की. बाबांची मान अशा वेळी आपोआप डाव्या बाजूला कलायची. माझी माय म्हणायची, "लग्नात बी मान तशीच ठेवता तुमी. नवरीच्या बापाले वाटते, काय अशुभ झालं बापा!"

ते खासदार झाले तेही गमतीनंच. पक्षातल्या दोन मोठ्या पुढाऱ्यांना तिकीट हवं होतं आणि दोघांनाही दुसऱ्याला मिळू द्यायचं नव्हतं. मग कोणाच्याच अध्यात-मध्यात नसलेला माणूस शोधणं सुरू झालं, आणि तो त्यांना आमच्या वांग्याच्या वावरात सापडला. आम्ही भाजीपाल्यावाले. वर्धा आणि हिंगणघाटच्या मधोमध रुळाला लागून आमचं गाव, विहिरीचं पाणी बरं, म्हणून वांगी, टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर, चवळीच्या शेंगा. बाबा गावचे सरपंच होते, एवढंच त्यांचं राजकारण. तिकीट मिळाल्याचं सांगायला लोक आले तेव्हा ते पाटाचं पाणी वळवत होते. "थांबा, एवढा वाफा भरू द्या," म्हणाले. पुढे हे वाक्य वामनरावांनी प्रत्येक सभेत सांगितलं, आणि दरवेळी त्यात वाफे वाढत गेले.

वामनराव म्हणजे बाबांचे स्वयंघोषित पी. ए. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते केळझरच्या गणपतीचा अंगारा घेऊन आले आणि पाच वर्षं परत गेलेच नाहीत. पांढरा पायजामा, काखेत डायरी, आणि बोलण्यात सदैव "आपण". "आपण काल कलेक्टरले झापलं," असं ते सांगायचे तेव्हा बाबांनी कलेक्टरसमोर चहासुद्धा लाजत प्यालेला असायचा. घरात सकाळी सहापासून माणसं. ओट्यावर चपलांचा ढीग, चुलीवर चहाचा मोठा गंज, तो उतरला की दुसरा. कोणाला बदली पाहिजे, कोणाला बदली नको, कोणाची म्हैस कोंडवाड्यात, कोणाची बायको माहेरी. बाबा सगळ्यांना चिठ्ठी द्यायचे. अक्षर माझं बरं, म्हणून चिठ्ठ्या मीच लिहायची. "पत्रवाहक हे माझ्या घरच्यासारखे आहेत, तरी यांचे काम करावे." एकदा एकाच जमिनीवरून भांडणारे दोघं भाऊ वेगवेगळे येऊन चिठ्ठ्या घेऊन गेले, आणि तहसीलदारासमोर दोघंही आमच्या घरचे निघाले. एक हातपंप तर बाबांनी दोनदा सुरू करून दिला. पहिल्या वेळी पाणी आलं नव्हतं. दुसऱ्या वेळीही आलं नाही, पण वामनरावांनी आधीच बादली भरून ठेवली होती.

आणि यायची ती कार्डं. आमच्याकडे मयतीचं कार्ड असलं की त्याचा एक कोपरा फाडलेला असतो. ते घरात आणायचं नाही, बाहेरच उभ्यानं वाचायचं, वाचलं की तिथंच तुकडे करून टाकायचे आणि हातपाय धुऊन घरात यायचं. खासदाराच्या घरी अशी कार्डं टोपल्यात गरम भाकरी पडाव्यात तशी एकावर एक यायची. हे काम मायनं माझ्यावर टाकलं होतं, कारण कोपरा दिसला की ती पदर तोंडाला लावून मागच्या दारानं पळायची. मी ओट्याच्या खाली उभी राहून वाचायची, नाव, गाव आणि तेरवीचा दिवस वामनरावांना सांगायची, ते डायरीत उतरवायचे, आणि बाबांची जीप कधी कुठं जाणार ते त्यावरून ठरायचं. दिल्लीचं वेळापत्रक त्यानंतर. एकदा एका दिवशी तीन तेरव्या आल्या. बाबा तिन्ही ठिकाणी जेवले आणि घरी येऊन ओसरीत आडवे झाले. "बेबी," म्हणाले, "लोकशाही लय जड असते वं." मग ज्वारीची अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, तेव्हा कुठं त्यांना जेवल्यासारखं वाटलं.

दिल्लीत त्यांची ओळख भाषणांमुळे नव्हती, वांग्यांमुळे होती. अधिवेशनाला जाताना ते दोन टोपल्या वांगी घेऊन जात, वर ओलं फडकं बांधलेलं. शेजारच्या क्वार्टरमधले मद्रासकडचे खासदार, समोरचे पंजाबी, दारावरचा शिपाई, सगळ्यांना वाटत. सभागृहात त्यांचा बाक अगदी मागचा, खांबाजवळचा. पहिल्या अडीच वर्षांत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. नाही, एकदा उघडलं होतं. पुढच्या बाकावरच्या माणसाला उचकी लागली तेव्हा "पाणी दो भई इनको" म्हणाले होते. ते छापून आलं नाही. आजकाल माझी नात फोनवर संसद बघते आणि विचारते, "आजी, तुझे बाबा असेच ओरडायचे?" काय सांगू तिला? त्यांना वावरात बैलावरही ओरडता येत नव्हतं.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती या सगळ्यात अडकलेली आहे. मी बारावीत होते, सायन्सला, गावातून रोज सायकलीनं पलीकडच्या गावच्या शाळेत. मला पुढं बी. एस्सी. करायचं होतं. कॉलेज वर्ध्याला. एस. टी. दिवसातून एक, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तीही नाही. होस्टेलचं नाव काढलं तर माय म्हणे, "खासदाराची पोरगी होस्टेलात राह्यली तर लोक म्हणतीन, घरी खायले नाई का?" तिकडे अल्लीपूरहून एक स्थळ येऊन बसलं होतं. पोरगा चांगला, शेती ओलिताची, पण त्याच्या बापाला सून कमी आणि खासदाराच्या कोट्यातलं टेलिफोनचं कनेक्शन जास्त पाहिजे होतं. आमच्याच घरचा फोन महिन्यातून आठ दिवस मुका असायचा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत. माझं रडगाणं ऐकून बाबांनी एक दिवस निकाल दिला, "पुढच्या जूनपर्यंत आपल्या गावाले गाडी थांबली, तर कॉलेज. नाई थांबली, तर अल्लीपूर." मायनं लगेच अल्लीपूरच्या पाहुण्यांसाठी स्टीलच्या पेल्यांचा नवा सेट काढून ठेवला. गाडी थांबेल यावर तिचा विश्वास नव्हता.

यातली गंमत अशी की गाडी थांबायचीच. रोज. सकाळची पॅसेंजर आमच्या गावासमोर सिग्नलला येऊन उभी राहायची, मागून येणारी मेल पुढं जाऊ द्यायला. दहा मिनिटं, कधी पंधरा. ड्रायव्हर खाली उतरून आमच्या वावरातली काकडी खायचा. गावातल्या भाजीवाल्या बाया टोपल्या चढवायच्या, सांबाराच्या जुड्या खिडकीतून आत फेकायच्या, आणि वर्ध्याला टी. सी. दिसला की पलीकडच्या दारानं उतरायच्या. पण स्टेशन नाही, त्यामुळे तिकीट नाही, आणि तिकीट नाही म्हणून चढणं गुन्हा. बाकी कोणी चढलं तर चढलं. पण खासदाराची पोरगी बिनतिकीट पकडली गेली असती तर? मी रोज सायकल धरून उभी राहायची, समोर वर्ध्याला जाणारी गाडी उभी, आणि माझ्यासाठी ती नव्हतीच. इतका राग यायचा की वाटायचं, दगड मारावा इंजिनाला.

मी बाबांच्या मागं लागले, प्रश्न विचारा म्हणून. गावाला हॉल्ट द्या, एवढंच. ते म्हणाले, "अवं, तिथं लेखी द्या लागते. मंग चिठ्ठ्या टाकून काढतात. नंबर लागला तर लागला. अन् नंबर लागला की आपण तिथं हजर पाह्यजे, नाई तर नाव पुकारून पुढं जातात." वामनरावांनी मसुदा केला. तो इतका गहिवरलेला होता की शेवटी "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो" एवढंच लिहायचं राहिलं होतं. मी तो बाजूला ठेवला आणि माझ्या शाळेच्या हिंदीत लिहिलं, क्या रेल मंत्री यह बताने की कृपा करेंगे, आणि खाली क, ख, ग. बाबा पावसाळी अधिवेशनाला निघाले तेव्हा तो कागद मी त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि वरून टाचणी लावली. पंधरा दिवसांनी त्यांचं कार्ड आलं, कोपरे चारही शाबूत. "प्रश्न लागला. वरून तिसरा. येत्या मंगळवारी. वांगी संपली. तुझ्या मायले सांगजो, तब्येत बरी आहे."

त्याच आठवड्यात गुरुवारी दुसरं कार्ड आलं. वामनराव साळ्याच्या पोराच्या बारशाला गेले होते, चार दिवस येणार नव्हते. पोस्टमन, आमचे बळीराम काका, सायकलवरून न उतरताच कार्ड माझ्या हातात देऊन गेले. कोपरा फाडलेला. मी ओट्याखाली उतरले आणि वाचलं. कारंज्याचे आबाजी पाटील गेले होते. हे आबाजी म्हणजे कारंजा भागातले दांडगे माणूस. त्यांच्या शब्दावर हायवेकडची बारा-पंधरा गावं एका बाजूला मत टाकायची, आणि मागच्या खेपेला ती बाबांकडे पडली होती म्हणूनच ते निवडून आले होते. तेरवी मंगळवारी. बाबांना सगळे भाऊच म्हणत; खाली शाईनं वेगळं लिहिलं होतं, "भाऊंनी अवश्य यावे. वाट पाहू."

मला आजही तो क्षण स्वच्छ आठवतो. पायाखाली चिखल, मागं चुलीवर चहा उतू चाललेला, त्याचा जळका वास. हिंगणघाटला कोणाला पाठवून तार केली असती तर बाबा सोमवारच्या आत गाडीत बसले असते, यात मला तिळमात्र शंका नव्हती. आबाजींची तेरवी आणि संसद यांत काय निवडायचं, हा त्यांच्यापुढं प्रश्नच नव्हता. आणि संसदेत त्यांचं नाव पुकारलं गेलं असतं, खांबाजवळचा बाक रिकामा दिसला असता, आणि पुढच्या माणसाचं नाव. मग अल्लीपूर. स्टीलचे पेले. मी कार्ड फाडलं. रिवाजच होता तो, वाचून फाडायचं. चार तुकडे केले, मग आठ केले, नाल्याच्या पाण्यात टाकले. हातपाय धुतले. रिवाजात एकच गोष्ट मी केली नाही, ती म्हणजे तोंड उघडलं नाही. मायनं आतून विचारलं, "कोण गेलं वं?" मी म्हटलं, "होतं कोणी. लांबचं." "जवळचं नाई ना?" "नाई. मतदार." ती सुस्कारा टाकून पुन्हा कणीक मळायला लागली. मी काही गरीब गाय नव्हते, मला पक्कं कळत होतं मी काय करून राह्यले ते.

मंगळवारी सकाळी अकरापासून मी शाळेत होते आणि कुठल्याच तासाला नव्हते. संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला गावातली माणसं आमच्या ओसरीत रेडिओभोवती जमली. मायनं सगळ्यांना चहा केला. पूर, धान्य, परदेशातले कोणी पाहुणे, क्रिकेट. आमच्या गावाचं नाव काही आलं नाही. लोक कप ठेवून उठतच होते, तेवढ्यात सायकल भिंतीवर आदळून वामनराव आत आले. घामानं निथळलेले.

"कारंज्याची तेरवी झाली आज! आबाजी पाटलाची! भाऊ कुठी आहेत?"

"दिल्लीले," माय म्हणाली.

"अजून दिल्लीले? आले काऊन नाई?"

"अधिवेशन आहे ना वामनभाऊ."

वामनराव मटकन खाली बसले. "अधिवेशन! अन् इकडे तेरवी! अरे बापा, बुडालो आपण!" त्यांनी तळव्यानं कपाळ बडवलं. मग जे ऐकून आले होते ते सांगितलं. मागच्या निवडणुकीत बाबांसमोर हरलेला उमेदवार सकाळपासूनच मांडवात होता. नुसता बसला नाही, बाह्या वर करून पंगतीत वाढायला उतरला. वडे त्यानं वाढले, कढी त्यानं वाढली. "वाकून-वाकून वाढली कढी त्यानं! अन् आपण कुठी? संसदेत!" संसद हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू बाबा तिथं पत्ते कुटायला गेले होते. ओसरीतल्या एकालाही त्यात हसण्यासारखं वाटलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मी कप उचलायच्या निमित्तानं आत गेले आणि चुलीसमोर बसून राहिले.

बाबा शनिवारी आले. टोपल्या रिकाम्या, चेहरा मात्र असा की मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. तिसरा नंबर पुकारला तेव्हा ते खांबाला धरून उठले. मंत्र्यांनी कागद वाचला. (क) जी नहीं. (ख) और (ग) प्रश्न नहीं उठता. कारण काय, तर त्या जागेवरून एकही प्रवासी तिकीट काढत नाही. "बसणारच होतो खाली," बाबा म्हणाले, "पण तुझी आठवण आली. म्हटलं, घरी जाऊन पोरीले काय सांगू? प्रश्न नाई उठत म्हणून?" मग ते उभेच राहिले आणि आपल्या हिंदीत बोलले. पुढं कामकाजाची छापील प्रत आली तेव्हा मी ती इतक्यांदा वाचली की मला पाठ आहे. "अध्यक्ष महोदय, वहाँ टिकट की खिड़की ही नहीं है, तो टिकट कौन निकालेगा? गाड़ी तो मेरे गाँव में रोज़ रुकती है, पंद्रह मिनट रुकती है। मैं गाड़ी रोकने को नहीं कह रहा हूँ। मैं इतना ही कह रहा हूँ कि रुकी हुई गाड़ी में मेरी बेटी को चढ़ने दिया जाए।" सभागृह हसलं म्हणे, दोन्ही बाजूचं. मंत्रीही हसले, आणि म्हणाले की तपासून पाहतो.

मला वाटलं होतं, ओट्यावर लोक हार घेऊन येतील. आले, पण हार नव्हते. "ते बोलले ते ठीकच आहे भाऊ," एक म्हातारबुवा म्हणाले, "पण कारंज्याले जाच लागत होतं." दुसरे म्हणाले, "संसद काय, रोजच असते. आबाजी काय दुसऱ्यांदा मरतीन?" बाबांनी मान डावीकडे कलवली. "निरोपच भेटला नाई," म्हणाले. झालं, वामनरावांना पाहिजे होतं ते सापडलं. दोष पोस्टाचा! बळीराम काकांनी कार्ड गहाळ केलं, त्यांची बदली करा, असा अर्ज त्यांनी खसाखस लिहून काढला आणि सहीला बाबांपुढं ठेवला. मी दारात उभी होते. बळीराम काकांना तीन पोरी होत्या, आणि मोठी माझ्या वर्गात. तोंड उघडायचं म्हणून मी पुढं पाऊल टाकलंसुद्धा, पण उंबरठ्यातच थांबले. बाबांनी अर्ज वाचला, घडी केली, आणि कान कोरायला त्याचं टोक वापरत म्हणाले, "राहू द्या वामनराव. पोस्टमन गरीब माणूस आहे." स्वतःची लाज वाटली, आणि तरी गप्प बसले. सतरा वर्षांच्या पोरीला लाज आणि कॉलेज यांतलं एकच मिळणार असेल तर ती कॉलेज घेते, हे मी पुढं मास्तरीण झाल्यावर कितीदा तरी पाहिलं.

हॉल्ट मंजूर झाला. रेल्वेला काही करायचंच नव्हतं. मुरुमाचा ओटा, टिनाचं शेड, नावाची पाटी, आणि तिकिटं विकायला कमिशनवर एक माणूस. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहिली गाडी अधिकृतपणे थांबली. आधी पंधरा मिनिटं थांबायची, आता नियमानं दोन मिनिटं थांबायला लागली. भाजीवाल्या बायांनी बाबांना जी काय बोलणी ऐकवली! टोपल्या चढायच्या आत शिट्टी, आणि वरून तिकीट. "आमचं बरं चाललं होतं ना भाऊ, कोणी सांगतलं होतं तुमाले बोलायले?" विरोधी उमेदवार त्या दिवशी इंजिनाला हार घालायला आला आणि त्याचा फोटो छापून आला. बाबा त्या फोटोत नाहीत. ते अल्लीपूरला एका तेरवीला गेले होते, आणि तिथूनच त्या स्थळवाल्यांना भेटून नाही म्हणून आले. मी मात्र त्या गाडीत बसले. वहीत पहिल्या दिवसाचं तिकीट चिकटवलं. त्या वेळी जगात माझ्याइतकी सुखी कोणी नसेल, आणि सुखात असलेल्या माणसाला जेवढी आठवण राहते तेवढीच मला आबाजींच्या कार्डाची राहिली.

ती आठवण दीड वर्षानं परत आली, निवडणुकीत. विरोधकाला भाषण करायची गरजच पडली नाही. त्याची माणसं गावोगाव एकच विचारायची, "दुःखात कोण आलं होतं?" कारंजा भागातल्या ढाब्यांवर, पानटपऱ्यांवर तेच. बाबांनी सभांमध्ये रेल्वेचं सांगायचा प्रयत्न केला, तर कारंज्याला, जिथं रूळच नाहीत, लोक म्हणाले, "आमच्या काय कामाची तुमची गाडी?" खोटं काय त्यात? वामनराव मतदानाच्या आठ दिवस आधी दुसऱ्या पक्षाच्या जीपमध्ये दिसले. तिथंही ते "आपण"च म्हणत होते. मोजणी वर्ध्याला झाली. हिंगणघाटच्या पेट्यांपर्यंत बाबा पुढं होते, कारंज्याच्या उघडल्या आणि खेळ संपला.

दुपारी ते घरी आले. ओट्यावर एकही चप्पल नव्हती. त्या ओट्याचा खरा रंग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मायनं पिठलं टाकलं. बाबा दोन घास खाऊन उठले, धोतर खोचलं आणि वावरात वांगी तोडायला गेले. मी दुसरी टोपली घेऊन मागं गेले. एका ओळीत ते, शेजारच्या ओळीत मी. टोपल्या अर्ध्या भरल्या. शेवटी माझ्यानं राहवलं नाही. मी टोपली खाली ठेवली आणि म्हटलं, "बाबा, आबाजीच्या तेरवीचं कार्ड आलं होतं. माह्या हातात आलं होतं. म्या फाडलं, अन् कोणाले सांगतलं नाई." आणि तिथंच, चिखलात बसून, मी रडायला लागले. मी त्यांची खासदारकी घालवली होती, एका कॉलेजासाठी. दुसरं काय म्हणायचं त्याला?

बाबांचा हात थांबला नाही. एक वांगं तोडलं, उलटून कीड आहे का पाहिलं, टोपलीत टाकलं.

"मले माहीत होतं ते," म्हणाले.

"कार्डाचं?"

"कार्डाचं नाई. तेरवीचं. आबाजीच्या पोरायनं तार केलती दिल्लीले. रविवारीच भेटली मले. बॅग बी भरलती म्या. स्टेशनापर्यंत गेलतो."

मला रडायचंही सुचेना. "मंग? काऊन नाई आले?"

ते पाठ सरळ करून उभे राहिले. कमरेवर हात ठेवला. लांब सिग्नलजवळ मालगाडी उभी होती, तिच्याकडं पाहत होते.

"तुले शब्द देल्ला होता, हे एक. अन् दुसरं म्हंजे, फलाटावर उभा राहून विचार केला, लोकायनं मले इथं काह्यले धाडलं? अडीच वर्षं झाली, एक दिवस तरी ते काम करून पाहू. वापस फिरलो." मग म्हणाले, "केलं. लोकायले काई पसंत पडलं नाई."

मी नाक पुसलं. त्यांनी वाकून माझी टोपली उचलली आणि आपल्या टोपलीशेजारी बांधावर नेऊन ठेवली. परत आले तेव्हा मान डावीकडे नव्हती, सरळ होती.

"तू बी तेच करून बसलीस, हे तवाच सांगाचं असतं मले, बेबी," म्हणाले. "दोन वर्षं मले वाटून राह्यलं होतं, का म्या एकट्यानंच पाप केलं."